बारा गावचं पाणी : एका फिरत्या हॉकीपटूची कारकीर्द वाचताना



मागच्या वेळी आपण 'यशस्वी आयुष्य' या कल्पनेविषयी बोललो. व्याख्यानानंतर चहा घेताना एक-दोघांनी तक्रार केली की, सर, सगळं हवेतच राहिलं, एखादा माणूस समोर आणा. तक्रार रास्त होती. म्हणून आज आम्ही एकच माणूस घेऊन आलो आहोत. तो तत्त्वज्ञ नाही, संत नाही, पुढारीही नाही. कॅनडातला आइस हॉकी खेळणारा, आता निवृत्त झालेला एक खेळाडू आहे. नाव माइक सिलिंजर.

आता तुम्ही म्हणाल, सर तत्त्वज्ञान सोडून हे कुठे निघाले? हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गवत येतं, ध्यानचंद येतात. बर्फावरच्या हॉकीशी आमचाही संबंध नव्हता. तो आला मुलीमुळे. ती ओहायो राज्यात, कोलंबस शहरात राहते. तिच्याकडे गेलो की नातवाबरोबर टीव्हीसमोर बसणं भागच असतं. नातवाला हॉकीपटूंची छायाचित्रं असलेली कार्डं जमवायचा नाद आहे. त्याचा आवडता खेळाडू कोल सिलिंजर कोलंबसच्या ब्लू जॅकेट्स संघाकडून खेळतो. एके दिवशी नातवाने कोलच्या वडिलांचं जुनं कार्ड आणून दाखवलं. पाठीमागे बारीक अक्षरात संघांची भली मोठी यादी. आम्ही विचारलं, "हा चांगला खेळायचा का रे?" तो म्हणाला, "चांगला असता तर एवढ्या टीम कशाला बदलल्या असत्या, आजोबा?"

पोराने सहज विचारलं. पण आमच्या लक्षात आलं की एखाद्याची कारकीर्द आपण कशी वाचतो, तो सगळा प्रश्नच या एका वाक्यात आहे. आजचं व्याख्यान म्हणजे नातवाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर समजा.

आधी शब्दाचं बघू. असा खेळाडू इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणून ओळखला जातो. ऐकताना वाटतं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणजे फिरणारा. पण शब्दाचं मूळ फ्रेंच 'जूर्ने'मध्ये आहे, आणि त्याचा अर्थ दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागिरांच्या संघटनांमध्ये तीन पायऱ्या असत. पहिला उमेदवार, जो शिकतो. शेवटचा उस्ताद, ज्याचं स्वतःचं दुकान असतं. मधला हा जर्नीमन. त्याचं शिक्षण पुरं झालेलं असतं, हातात कसब असतं, पण दुकान त्याचं नसतं, म्हणून तो रोजावर काम करतो. म्हणजे या शब्दात कमी कसबाचा आरोप मुळात नव्हता. उणीव होती ती मालकीची. खेळाच्या पानावर येईपर्यंत अर्थ घसरला आणि 'बरा आहे, पण थोर नव्हे' असा झाला.

आपल्याकडे काय म्हणतात? 'बारा गावचं पाणी प्यायलेला'. यात थोडं कौतुक आहे आणि बराच संशय आहे. आपली जुनी गावगाड्याची व्यवस्था वतनाची होती. बारा बलुतेदार गावाला बांधलेले, आणि त्यांची ओळखही गावाशी बांधलेली. जो फिरतो तो उपरा. त्याच्या हाताला कितीही गुण असला तरी लोक आधी विचारणार, तू कुठला? सिलिंजरच्या बाबतीत गंमत अशी की हा आकडा अक्षरशः बाराच आहे. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग. तिथे तो बारा संघांकडून खेळला. इतके संघ आणखी कोणाच्या नावावर नव्हते.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म 1971, गाव रेजायना, कॅनडातला सस्कॅचवान प्रांत. 1989 साली डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाने त्याला ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्ट म्हणजे तरुण खेळाडूंना क्लबांनी पाळीपाळीने निवडून घ्यायची पद्धत. आपण कुठल्या गावी खेळायचं हे पोराने ठरवायचं नसतं. पुढे डेट्रॉइटहून अनाहाइम, मग व्हँकूव्हर, फिलाडेल्फिया, टँपा बे, फ्लोरिडा, ऑटावा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुईस, नॅशव्हिल, आणि शेवटी न्यूयॉर्क आयलंडर्स. सतरा हंगाम, 1,049 सामने, 240 गोल. 2009 मध्ये निवृत्ती. स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, एकदाही नाही.

या बारांपैकी पहिला संघ ड्राफ्टने ठरवला. कोलंबस आणि आयलंडर्स हे दोन त्याने मोकळा असताना करार करून घेतले. उरलेल्या नऊ ठिकाणी तो ट्रेडने पोचला. दोन क्लबांनी आपसात देवाणघेवाण केली आणि त्यात हा पाठवला गेला.

नातवाचं म्हणणं आता तपासून पाहू. चांगला असता तर बदलला असता का? याला तोलायला त्याच ड्राफ्टमधलं दुसरं नाव घेऊ. 1989 मध्येच, डेट्रॉइटनेच, 53 व्या क्रमांकावर निकलस लिडस्ट्रॉम नावाचा स्वीडिश बचावपटू घेतला. तो वीस हंगाम डेट्रॉइटकडूनच खेळला, 1,564 सामने, आणि चार स्टॅन्ली कप. खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतात. सिलिंजर लिडस्ट्रॉमच्या तोडीचा होता असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट विसरू नये. सिलिंजर सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतला मधला खेळाडू. आणि डेट्रॉइटमध्ये त्या जागेवर आधीच स्टीव्ह आयझरमन होता, त्यात सर्गेई फेदोरोव्ह आला. तोही 1989 च्याच ड्राफ्टमधला, 74 व्या क्रमांकाचा. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. ज्या घरात दोन असे मोठे भाऊ आहेत, तिथे तिसऱ्याला ओसरीवरच बसावं लागतं. कोण टिकतो यात गुण असतो, पण कुठलं घर मिळालं हेही असतं. कार्डावरच्या यादीत हे 'घर' दिसत नाही.

कारकीर्द वाचताना आपली पहिली चूक होते ती इथे. आपण संघाच्या जर्सीला कथेचा नायक करतो. एकाच रंगात वीस वर्षं राहिलेल्या माणसाची गोष्ट आपोआप निष्ठेची होते, आणि बारा रंग ल्यायलेल्याची गोष्ट विस्कटल्यासारखी दिसते. पण निष्ठा जर्सीवरच असते का? या माणसाच्या आयुष्यात न बदललेलं असं काही होतं का?

होतं. त्यासाठी खेळातली एक बारीकशी गोष्ट समजून घ्यावी लागेल. आइस हॉकीचं मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. त्यावर लाल रंगात वर्तुळं आखलेली असतात. खेळ थांबला की पुन्हा सुरू करण्यासाठी दोन संघांचे दोन सेंटर समोरासमोर वाकून उभे राहतात, पंच मधोमध पक टाकतो, आणि जो तो आपल्या बाजूला खेचायला बघतो. याला फेसऑफ म्हणतात. सगळं एका क्षणाचं काम. प्रेक्षक तेव्हा पॉपकॉर्न खात असतात. पण पक कोणाकडे जाते त्यावर पुढचं अर्धं मिनिट कोण धावणार आणि कोण धापा टाकणार हे ठरतं. सिलिंजरची ख्याती याची होती. आणि दुसरं, आपल्या संघाचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसला असेल तेव्हा, एक माणूस कमी असताना, किल्ला लढवण्याची.

ही दोन्ही कामं अशी की ती झाली तर कोणी टाळ्या वाजवत नाही, आणि बिघडली तर सगळ्यांना कळतं. स्वयंपाकघरातल्या पुष्कळ कामांसारखी. पण डेट्रॉइट असो की टँपा, वर्तुळ तेच. त्याची त्रिज्या 15 फूट, सगळीकडे. आम्हाला वाटतं, या माणसाचं गाव कुठलं असं विचारलं तर उत्तर त्या वर्तुळात शोधावं. शहरं बारा झाली, वर्तुळ एकच राहिलं.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटल आठवतो. ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या ग्रंथात क्रियांचे दोन प्रकार केले. काही क्रिया शेवटासाठी असतात. घर बांधणं घ्या. घर पुरं होईपर्यंत ती क्रिया अपुरी, आणि मध्येच थांबलात तर हातात अर्धी भिंत. काही क्रिया मात्र प्रत्येक क्षणी पुऱ्या असतात. पाहणं, समजणं, जगणं. पाहू लागलात की पाहिलंतच. आता हॉकीची कारकीर्द यांतली कुठली? कप जिंकण्यासाठीच ती असेल, तर सिलिंजरची सतरा वर्षं म्हणजे अर्धी भिंत. त्यात दैवाचा खोडकरपणा असा की त्याने सोडलेल्या डेट्रॉइटने 1997 मध्ये कप जिंकला, टँपाने 2004 मध्ये, अनाहाइमने 2007 मध्ये. पण खेळणं ही दुसऱ्या प्रकारची क्रिया असेल, तर जिंकलेला प्रत्येक फेसऑफ आपल्यापुरता पुरा आहे. पुढे कोणी कप उचलला की नाही, याने त्याचं पुरेपण कमी होत नाही.

आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे, हे तुम्ही ओळखलं असेल. त्याच्या कारकिर्दीतच याला एक पुरावा सापडतो. त्याचा सर्वाधिक गोलांचा हंगाम 2005-06. 32 गोल, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. आणि त्याच हंगामात, मध्येच, जानेवारीत, सेंट लुईसने त्याला नॅशव्हिलला पाठवलं. 22 गोल एका गावात, 10 दुसऱ्या गावात. हाताला गाव बदलल्याचं कळलंच नाही म्हणा.

व्याख्यान इथे संपवलं असतं तर गोड झालं असतं. निष्ठा कामावर, गाव वर्तुळात, प्रत्येक क्षण पूर्ण. टाळ्या. पण ही मांडणी मनात जुळवत असताना आम्हालाच ती खटकू लागली. अशा गोड वाचनातून काय काय सुटतं ते आता बघायचं आहे.

2003 च्या जुलैतली गोष्ट. सिलिंजर तेव्हा कोलंबसमध्ये होता. हा त्याने स्वतः निवडलेला संघ, दोन हंगाम तिथे झालेले. एका दिवशी कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि बदल्यात डॅरिल सायडोर नावाचा बचावपटू घेतला. त्याच दिवशी डॅलसने त्याला फिनिक्सला दिलं आणि टेपो नुमिनेन हा दुसरा बचावपटू घेतला. डॅलसकडून तो एकही सामना खेळला नाही. नोटेसारखा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

कांटने 1785 सालच्या त्याच्या नीतिशास्त्राच्या छोट्या ग्रंथात एक भेद केला आहे. प्रत्येक गोष्टीला एक तर किंमत असते, नाहीतर प्रतिष्ठा असते. जिच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते, तिला किंमत असते. जिच्या जागी काहीच ठेवता येत नाही, तिला प्रतिष्ठा. माणूस दुसऱ्या वर्गातला. मग ट्रेडमध्ये होतं काय? सिलिंजरच्या जागी सायडोर. म्हणजे माणसाची किंमत ठरली.

यावर उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच खोटं नाही. त्याला पैसे चांगले मिळत होते. करारावर सही त्याने स्वतः केली होती. शिवाय, ज्या व्यवहारात एक क्लब त्याला 'नको' म्हणतो, त्याच व्यवहारात दुसरा 'हवा' म्हणतो. नऊ वेळा कोणीतरी त्याला मागून घेतलं, हेही खरंच. आमच्या नातवाने फक्त 'नको' मोजलं, 'हवा' मोजलंच नाही. आणि कांटही माणसाकडून काम करून घेऊ नका असं म्हणत नाही. त्याला केवळ साधन समजू नका, एवढंच तो म्हणतो.

पण या 'केवळ'ची परीक्षा कुठे होते? नकार देण्याच्या ताकदीत. मोठे खेळाडू आपल्या करारात 'आमच्या संमतीशिवाय ट्रेड नाही' असं कलम घालून घेतात. फिरत्या खेळाडूच्या हातात सहसा ती ताकद नसते. आणि ट्रेड हे नेहमी निव्वळ खेळाचं गणित असतं असंही नाही. 1957 मध्ये डेट्रॉइटच्याच टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. तो त्या काळातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक. त्याच वर्षी त्याला शिकागोला पाठवण्यात आलं. बदली ही शिक्षा कशी होऊ शकते, हे या सभागृहात बसलेल्या सरकारी नोकरांना आम्ही वेगळं सांगायला नको.

या विषयावर एक सिनेमा आहे, 'स्लॅप शॉट', 1977 चा. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, मुख्य भूमिकेत पॉल न्यूमन. दुय्यम लीगमधला एक भंगत चाललेला संघ, गावातली गिरणी बंद पडणार, आणि रेजी डनलॉप नावाचा उतारवयाचा खेळाडू-प्रशिक्षक. सिनेमा शिवराळ आहे, मारामाऱ्यांनी भरलेला आहे, आणि पुष्कळांना तो तेवढ्यासाठीच आठवतो. आमच्या मते त्याचं मर्म मारामाऱ्यांत नाही. रेजी सगळा वेळ एकच गोष्ट शोधत असतो, आपल्या संघाचा मालक कोण? अखेर मालकीण सापडते, आणि तिच्याकडून कळतं की संघ विकता येईल, पण बंद केला तर करात जास्त सवलत मिळते. संघ जिंकला काय, हरला काय, तिच्या हिशेबात फरक नाही. किंमत आणि प्रतिष्ठा यांचा कांटने केलेला भेद एवढ्या थोड्या वेळात दाखवणारं दृश्य आम्ही दुसरं पाहिलेलं नाही.

या सिनेमाची पटकथा नॅन्सी डाउड यांची. त्यांचा भाऊ नेड पेन्सिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन गावात खरोखरच असा खेळाडू होता. बहिणीने भावाच्या मागे राहून, आसपास वावरून हे जग पाहिलं, आणि त्यामुळे असेल, सिनेमात एक गोष्ट आली जी खेळावरच्या लिखाणात सहसा येत नाही. ती म्हणजे खेळाडूंच्या बायका. सामन्यांना कंटाळलेल्या, परक्या गावात एकट्या पडलेल्या, दारूत वेळ घालवणाऱ्या. रेजीची बायको त्याला सोडून निघाली आहे आणि ती काही त्याच्यासाठी थांबत नाही. सिनेमाचा शेवट आम्हाला कच्चा वाटतो. मिरवणूक निघते, रेजी आता मिनेसोटात नवं काम मिळाल्याचं सांगत सुटतो, आणि सगळं हसण्यावारी जातं. पण सोबत फिरणाऱ्यांकडे कॅमेरा एकदा वळला होता, हे त्या सिनेमाचं श्रेय आहे.

हा सिनेमा आम्ही कोलंबसलाच पाहिला, रात्री, मुलीबरोबर. नोकरीत आमच्याही बदल्या झाल्या होत्या. गावांची नावं घेत नाही. त्या बदल्यांच्या गोष्टी आम्ही रंगवून सांगतो, कुठल्या गावात ग्रंथालय कसं होतं, कुठे कांट शिकवताना पाऊस छपरातून गळत होता. शेवटी म्हणायचो, गावं बदलली तरी वर्ग तोच होता. सिलिंजरच्या वर्तुळाची कल्पना आम्हाला सुचली ती कुठून, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या रात्रीही आम्ही तेच बोललो. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या बदल्या चार. माझ्या शाळा पाच. पण गोष्ट नेहमी तुमच्याच बदल्यांची असते."

आवाज चढवून नाही म्हणाली. टीव्ही बंद केला आणि पाण्याची बाटली भरायला गेली. आम्ही बसून राहिलो. आम्हाला प्रत्येक नव्या गावात तोच फळा, तोच कांट मिळाला. तिला प्रत्येक गावात नवा बाक शोधावा लागला. पाचवी शाळा कुठली आणि तिथे तिची मैत्रीण कोण होती, हे आठवायचा आम्ही तेव्हा प्रयत्न केला. शाळा आठवली. मैत्रिणीचं नाव आठवलं नाही.

आता जुलै 2003 कडे परत या. त्या दिवशी सिलिंजर एकाच दिवसात दोन वेळा विकला गेला, असं आम्ही मघाशी सांगितलं. एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याचा मुलगा कोल मे 2003 मध्ये कोलंबसलाच जन्मला. म्हणजे त्या दिवशी घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. कार्डाच्या पाठीवर 'कोलंबस' आणि 'फिनिक्स' यांच्यामध्ये एक ओळ सुटते, तेवढ्या जागेत हे सगळं बसलेलं असतं. कारकीर्द हा शब्द आपण एकवचनात वापरतो, एका माणसाच्या नावापुढे लिहितो. पण ती ओढत नेतात बरेच जण.

म्हणून आमचं म्हणणं दोन भागांत ऐका, आणि एक भाग घेऊन दुसरा टाकू नका. फिरत्या कारागिराची निष्ठा कामावर असू शकते, आणि ती एका जर्सीत वीस वर्षं राहिलेल्याच्या निष्ठेहून हलकी नसते, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण 'त्याचं काम हेच त्याचं गाव' हे वाक्य त्याला हलवणाऱ्यांच्या तोंडी फार सोयीचं पडतं. क्लबाने म्हटलं तर ती पळवाट होते. कुटुंबातल्या कर्त्याने म्हटलं तर निम्मंच खरं असतं. ते वाक्य उरलेल्यांना विचारल्याशिवाय उच्चारू नये.

नातवाला उत्तर काय द्यायचं? 2021 च्या ड्राफ्टमध्ये कोल सिलिंजरला बाराव्या क्रमांकावर घेतलं ते कोलंबसनेच. ज्या गावाने बापाला पाठवून दिलं, त्याच गावाने मुलाला बोलावलं. यात न्याय झाला असं आम्ही म्हणत नाही. ड्राफ्ट म्हणजे चिठ्ठ्यांचाच भाऊ. त्याही वेळी गाव पोराने निवडलं नव्हतं.

नातवाला आम्ही एवढंच सांगू : बाळा, तो चांगला खेळायचा. 1,049 सामने कोणी दयेपोटी खेळवत नाही. कार्डाच्या पाठीवरची नावं वाचताना प्रत्येक नावापाशी दोन प्रश्न विचार. इथे त्याला कोणत्या कामासाठी मागून घेतलं? आणि त्याच्याबरोबर आणखी कोणाला यावं लागलं? पहिल्याचं उत्तर खेळाच्या पुस्तकात मिळेल. दुसऱ्यासाठी तुझ्या आईला विचार, तिला या विषयातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं.

आम्ही स्वतः तिला अजून विचारलेलं नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं आहे. पाचव्या शाळेतल्या त्या मैत्रिणीच्या नावापासून सुरुवात करू म्हणतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त माइकजवळ बोला, आम्हाला हल्ली कमी ऐकू येतं.